टिपणिसांची ब्रॉडगेज

कल्याणला पारनाक्याच्या अलीकडे गुरुदत्त टिपणिसांच्या घरात एक रेल्वे होती. तिला पूल होता, फाटक होतं, स्टेशनांच्या पाट्या होत्या, सुताराकडून करून घेतलेल्या मालगाडीच्या लाकडी वाघिणी होत्या. फक्त इंजिन नव्हतं.

इंजिनावाचून रेल्वे कसली, हे टिपणिसांना विचारायची कुणाची छाती नव्हती. ते जी.आय.पी.त रुळांचे इन्स्पेक्टर होते. जी.आय.पी.ची सेंट्रल रेल्वे होऊन वर्षं लोटली तरी ते आपले जी.आय.पी.तच. दिवसभर ट्रॉलीवर बसून कसाऱ्याकडे जायचं, वाकवाकून रूळ बघायचे, एखादा खिळा सैल दिसला की मुकादमाचा उद्धार करायचा आणि घरी आलं की चहा पिऊन पुन्हा रूळच बघायचे. त्यांच्या मते रेल्वे म्हणजे रूळ. इंजिनं काय, येतात आणि जातात.

घरातली लाइन ओटीवर सुरू व्हायची, माजघरातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची, मोरीवरच्या पुलावरून परसात उतरायची आणि शेवग्याला डौलदार वळसा घालून विहिरीपाशी संपायची. सागवानी स्लीपर, लोखंडी पट्टीचे रूळ, उल्हास नदीची वाळू चाळून काढलेली बारीक खडी. फुटाला अर्धा इंच हे माप. खरी ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणून ही पावणेतीन इंच. टिपणिसांनी लोहाराकडून एक पितळी गेज करून घेतलं होतं. रुळांमधलं अंतर तपासायची ती पट्टी त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायची, आणि तिच्यापुढे त्यांच्या लाइनीने कधी मान खाली घातली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात लेव्हल क्रॉसिंग होतं. टिपणीस आणि त्यांची मुलगी हेमा गुडघ्यांवर रांगत वाघिणी ढकलत आले की फाटक पडायचं आणि टिपणिसांच्या पत्नी शुभदाबाई, चुलीवर दूध उतू जात असताना, दाराअलीकडे उभ्या राहायच्या.

“अहो, जाऊ द्या मला!”

“मालगाडी पास होऊ दे आधी.”

हेमाला यात काही वावगं वाटत नसे. ती चोवीस वर्षांची होती, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि शेवग्याच्या वळणावरचे स्लीपर तिने एकटीने बसवले होते. पण वाघिणी ढकलून तिचे गुडघे काळे पडले होते, आणि एक तरी इंजिन या लाइनीवरून आपल्या पायांनी धावताना बघावं असं तिला मनापासून वाटायचं.

इंजिनं यायची, नाही असं नाही. एकदा मुंबईच्या दुकानातून एक आणलं. टिपणीस म्हणाले, हे इंजिन नाही, खेळणं आहे. लोको शेडमधल्या एका फिटरने हौसेने एक घडवून दिलं. ते इतकं जड झालं की टिपणिसांनी मोरीवरचा पूल त्याला झेपणार नाही असं जाहीर केलं. तिसरं नुसतं कागदावर होतं. त्याची चिमणी त्यांना उर्मट वाटली.

हेमासाठी मुलंही अशीच यायची आणि अशीच जायची. एक बी.बी.सी.आय. या प्रतिस्पर्धी रेल्वेतला होता, त्याला पाण्याचा ग्लास मिळाला तेवढाच. एकाचे वडील मोटारलॉऱ्यांच्या धंद्यात होते, त्यांना तर टिपणिसांनी ओटी चढू दिली नाही. शुभदाबाईंनी कपाळाला हात लावला. या घरात इंजिन आधी येणार की जावई, असं शेजारीपाजारी विचारायला लागले, आणि दोन्हीची आशा सारखीच होती.

अशात एका रविवारी डोंबिवलीहून गोदूआत्या आली. गोदूआत्या ही टिपणिसांची थोरली बहीण. त्यांना ‘ए गुरू’ म्हणणारं जगात उरलेलं एकमेव माणूस.

“ए गुरू, ठाण्याच्या प्रधानांचा मुलगा आहे. बाळ नाव. लोकरीच्या गिरणीत ड्राफ्ट्समन आहे. वडील नाहीत, आई आहे. मुलगा गुणी आहे.”

“बघू पुढेमागे,” टिपणीस पट्टीला तेल लावत म्हणाले.

“आणि त्याच्याकडे इंजिन आहे.”

टिपणीस उठून उभे राहिले.

“कसलं इंजिन?”

“मला काय ठाऊक? हिरवं आहे. मामाने विलायतेहून पाठवलंय. किल्ली दिली की पळतं.”

“येत्या रविवारी बोलाव,” टिपणीस म्हणाले. “आणि म्हणावं, घेऊन ये.”

मग आठवडाभर घरात जी धांदल उडाली, ती मुलगी दाखवायची म्हणून की इंजिन बघायचं म्हणून, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नसतं. शुभदाबाईंनी खाजाचे कानवले केले. नुसतं बोट लागलं तरी पापुद्रे सुटावेत असे. टिपणिसांनी फाटकाला रंग दिला. हेमाने खडी नीट केली आणि मग आठवण झाली म्हणून वेणीही घातली.

रविवारी चहाचा ट्रे घेऊन ती माजघरातून ओटीवर आली, तेव्हा भावी नवऱ्याचं पहिलं दर्शन तिला तळपायांचं झालं. बाळ प्रधान दारातच चपला काढून, कुणाला नमस्कारही न करता जमिनीला गाल टेकून पालथा पडला होता आणि एक डोळा मिटून लाइन कुठवर जाते ते बघत होता.

“आई गं! स्वयंपाकघरात जाते!” तो जमिनीवरूनच ओरडला. “आई, पूल आहे!”

“अरे, मुलगी आली आहे,” त्याची आई सरोजबाई म्हणाल्या. त्या भरदार अंगाच्या, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी हेमाकडे बघून ‘असाच आहे हा’ अशी मान हलवली.

बाळ धडपडत उठला, चष्मा सरळ केला, हेमाला ओझरता नमस्कार केला आणि पंचात गुंडाळून आणलेली पुठ्ठ्याची पेटी उघडली. आत इंजिन होतं. हिरवंगार, पितळी घुमट, तांबडी चाकं. हेमाने ट्रे खाली ठेवला. टिपणीस पुढे वाकले. गोदूआत्याने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

बाळने दोन्ही हातांनी अलगद इंजिन लाइनीवर ठेवलं. ते दोन रुळांच्या मधोमध खडीत जाऊन बसलं. ना इकडच्या रुळाला चाक लागलं, ना तिकडच्या.

“अरेच्चा,” बाळ म्हणाला. “तुमचे रूळ फाकलेत हो.”

रूळ फाकले म्हणजे गाडी पडते, आणि गाडी पडली म्हणजे रुळांच्या इन्स्पेक्टरने तोंड दाखवायला जागा राहत नाही. हा शब्द टिपणिसांसमोर आजवर कुणी उच्चारला नव्हता. त्यांनी खिशातून पितळी गेज काढलं, रुळांवर ठेवलं. ते चपखल बसलं. मग त्यांनी इंजिन उचलून उलटं केलं आणि चाकांमधलं अंतर मोजलं.

“सव्वा इंच. म्हणजे अडीच फूट,” ते थंडपणे म्हणाले. “प्रधान, हे बार्शी लाइटचं इंजिन आहे.”

“अहो, काहीतरीच काय! विलायतेतल्या एक्स्प्रेसचं आहे ते!”

“विलायतेत असेल. माझ्या ओटीवर ते बार्शी लाइट. नॅरोगेज.”

“बरं, बार्शी तर बार्शी.” बाळचे कान लाल झाले. “पण ते चालतं तरी! मी लहान होतो तेव्हापासून चालतंय. माझे पत्र्याचे रूळ गंजून गेले, इंजिन ठणठणीत आहे. तुमच्या या ब्रॉडगेजवर आजवर काय धावलंय, सांगा ना!”

हेमा खळाळून हसली. तिला ते आवरता आलं असतं, पण आवरावंसं वाटलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न अप्पांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

“बघा तर खरं,” म्हणत बाळने किल्ली गर्रकन फिरवली आणि इंजिन सरळ फरशीवर सोडलं.

पुढे जे झालं ते क्षणात झालं. रूळ नाहीत म्हटल्यावर इंजिनाला आवरणारं कोण? ते सरोजबाईंच्या खुर्चीखालून सुटलं, गोदूआत्याने दोन्ही पाय वर घेतले, इंजिनाने माजघर ओलांडलं, फाटक उघडंच होतं, आणि ‘अगंबाई!’ अशी शुभदाबाईंची किंकाळी आली. मागोमाग ताटाचा आवाज. खाली गार व्हायला ठेवलेल्या कानवल्यांची रास फोडून इंजिन तांदळाच्या कोठीमागे घुसलं आणि तिथे घरघरत राहिलं.

हेमा आणि बाळ दोघंही पाठोपाठ पोचले आणि कोठीशी गुडघे टेकून आत बघू लागले. दोघांच्या केसांत कानवल्यांचा चुरा होता.

“वळणावरचे स्लीपर कुणी बसवलेत?” बाळने हळूच विचारलं.

“मी.”

“सगळे?”

“सगळे. का, तेही फाकलेत का?”

बाळने तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

“फार सुंदर बसवलेत,” तो म्हणाला.

हेमाचं लग्न तिच्यापुरतं तिथेच ठरलं. कोठीमागे इंजिनाची घरघर थांबली, तिच्या छातीतली काही थांबेना.

पण ओटीवर टिपणीस हात जोडून उभे होते. “नमस्कार. आपल्याला गाडी असेल,” ते म्हणाले. कोठी हलवायला चार माणसं लागली असती आणि नमस्कार तर झाला होता. सरोजबाईंनी ताटातला तुटका कानवला तोंडात टाकला, “काय सुरेख झालेत हो!” म्हणत मुलाचं मनगट धरलं आणि त्या निघाल्या. इंजिन कोठीमागेच राहिलं.

संध्याकाळी टिपणिसांनी गोदूआत्याला सांगितलं, “नकार कळव.”

“अप्पा, मला मुलगा पसंत आहे,” हेमा म्हणाली.

पंचावन्न सालच्या कल्याणात मुली असं बोलत नसत. शुभदाबाईंच्या हातातली पळी थबकली.

“ज्याला गेज कळत नाही, त्याच्या घरात मी मुलगी देऊ?”

“त्यांना चालवता येतं. आपल्याला मांडता येतं. यात बिघडलं कुठे?”

“ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एका लाइनीवर नांदत नाहीत, हेमा. हा हट्ट नाही, हा कायदा आहे,” टिपणीस म्हणाले आणि पान वाढायला सांगितलं.

हेमा त्या रात्री जेवली नाही, सकाळी मात्र तिप्पट जेवली, कारण तिला आठवलं होतं. लढाईच्या वेळी अप्पांना पूर्वेकडे बदलीवर धाडलं होतं, आणि तिथून आल्यावर दुसऱ्या मुलींना परीची गोष्ट सांगतात तशी त्यांनी तिला तीन रुळांच्या लाइनीची गोष्ट सांगितली होती. एक रूळ दोघींचा, एक मोठ्या गाडीचा, एक छोट्या गाडीचा. एकाच वाटेवरून दोन्ही जातात. गोष्ट सांगताना अप्पांचे डोळे चमकायचे. आता सोयीस्कर विसरले होते.

टिपणीस कसाऱ्याकडे मुक्कामाला गेले आणि हेमाने शाळेत रजा टाकली. माळ्यावर रुळांची लोखंडी पट्टी शिल्लक होती. शेजाऱ्यांना बोलावून कोठी सरकवली, माप घ्यायला इंजिन काढलं आणि डाव्या रुळापासून सव्वा इंचावर आतल्या बाजूने तिसरा रूळ ठोकायला घेतला. एकटीने उरकेना.

“हातोडी दे इकडे,” मागून आवाज आला.

शुभदाबाईंनी पदर खोचला होता. हातात हातोडी न घेता त्या खलबत्त्यातला बत्ताच घेऊन आल्या होत्या.

“आई, तुला तर ही लाइन डोळ्यांसमोर नको असते!”

“नकोच आहे. दूध उतू जाऊन जाऊन माझ्या चुलीची दशा झाली. पण मुलगी घरात बसवून ठेवण्यापेक्षा आणखी एक रूळ परवडला.” आणि त्यांनी पहिला खिळा असा हाणला की पुलाखालचं मांजर पळालं.

दोघी मायलेकी ओटीपासून विहिरीपर्यंत खिळे ठोकत सुटल्या. भात करपला. भाजी झालीच नाही. गोदूआत्या ‘नकार कळवू की नको’ विचारायला आली आणि तीही बसकण मारून खिळे मोजून देऊ लागली. नकार राहून गेला.

टिपणीस परतले तेव्हा तिघी ओळीने भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी टोपी काढली, लाइनीकडे पाहिलं आणि ते खाली बसले. पितळी गेज काढून पहिले दोन रूळ तपासले. ते जागचे हलले नव्हते. मग इंजिन उचलून डावा रूळ आणि तिसरा रूळ यांवर ठेवलं आणि बोटाने ढकललं. ते लोण्यावरून गेल्यासारखं माजघरापर्यंत गेलं.

टिपणीस त्याच्या मागे रांगत निघाले. तिघी टिपणिसांच्या मागे. फाटक, पूल, परस. शेवग्याच्या वळणावर इंजिन अडलं.

“वळणावर तिसरा रूळ जरा ढिला सोडायला हवा होता,” टिपणीस म्हणाले. “मी तुला शिकवलंय ना?”

“घाई झाली, अप्पा.”

“घाई कुणाला नसते? हातोडी आण.” मग तिने पुढे केलेल्या बत्त्याकडे बघून, “हे काय आहे? बरं, दे.”

वळण सुधारलं. टिपणिसांनी हात झटकले, कपाळ पुसलं आणि त्यांना राहवेना.

“चला, किल्ली द्या. ट्रायल घेऊ.”

कुणी हललं नाही.

“किल्ली कुठे आहे?”

“ठाण्याला,” हेमा म्हणाली. “त्यांच्याकडे.”

टिपणिसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लाइनीला बसणारं इंजिन समोर उभं होतं आणि ते निपचित होतं. त्यांनी किल्ली बसते तो दांडा चिमट्याने फिरवून पाहिला. सुरीने पाहिला. शुभदाबाईंच्या केसांतल्या आकड्याने पाहिला. मग परसात दोन येरझाऱ्या घातल्या, कोट चढवला आणि म्हणाले, “मी फक्त किल्ली आणायला चाललो आहे. कुणी भलता अर्थ काढू नये.”

“छे छे,” गोदूआत्या म्हणाली आणि चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली.

हेमाला दुपार सरेना. ती ओटीवर बसे, विहिरीपाशी जाई, परत येई. अप्पा किल्ली घेऊन एकटेच आले तर? किल्लीचं काम झालं की इंजिन परत धाडतील, आणि मग सगळंच संपलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच वाटलं की साखर फार थोडी झाली.

दिवेलागणीआधी बाहेरचं फाटक वाजलं. टिपणीस एकटेच आत आले, तावातावाने.

“देत नाही म्हणतो! मी वयाने केवढा, मी त्याच्या दारात उभा, आणि म्हणतो किल्ली देणार नाही! सरोजबाई पेढे काय वाटतायत, गोदू त्यांना मुहूर्त काय विचारतेय, माझं कुणी ऐकूनच घेईना!”

“मग?” हेमा पुढे झाली.

“मग काय! म्हणाला, किल्ली मी स्वतः घेऊन येईन.” टिपणीस वळले. “या हो आत! आता का लाजताय?”

बाळ आत आला. किल्ली हरवू नये म्हणून त्याने ती जानव्याला बांधली होती, आणि गाठ अशी पक्की बसली होती की सुटेना. शेवटी त्याने सदऱ्याची बटणं काढली, ओटीवर परत आणून ठेवलेल्या इंजिनाशेजारी आडवा झाला आणि जानव्यासकट किल्ली लावून फिरवली.

इंजिन निघालं. ओटीवरून माजघरात, माजघरातून फाटक पार, पुलावर खडखडलं, परसात उतरलं, शेवग्याच्या वळणावर जरासं कललं, सावरलं आणि विहिरीपाशी जाऊन ऐटीत थांबलं. कुणाचाही हात न लागता. टिपणीस शेवग्याला धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“धावली,” ते म्हणाले. “माझी लाइन धावली गं.”

बाळला राहवलं नाही. “पण एक आहे. इंजिन एका बाजूच्या रुळावरून जाणार, वाघिणीचा आकडा मधोमध. तिरकं ओढेल.” आणि त्याने खिशातून तारेचा एक वाकडा आकडा काढला. “म्हणून मी हा करून ठेवलेला. आज तीन रुळांचं आत्याबाईंनी सांगितलं तेव्हाच.”

टिपणिसांनी आकडा घेतला, लावून पाहिला, आणि प्रधानांच्या बाळकडे ते प्रथमच जावयाकडे बघावं तसे बघू लागले.

वैशाखात परसातच मांडव पडला. कल्याणने तसं रुखवत ना आधी पाहिलं ना नंतर. मुलीकडच्यांनी ओटीवर वाघिणीत खाजाचे कानवले भरले, मुलाकडचे विहिरीपाशी बसले, आणि नवऱ्या मुलाने मुंडावळ्या वर करून किल्ली दिली. गाडी पोचली. सरोजबाईंनी कानवले मोजले नाहीत, नुसते हातावर घेऊन पाहिले. एकही पापुद्रा सुटला नव्हता.

“पोटातलं पाणी हललं नाही हो!” त्या मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाल्या. टिपणिसांना त्या दिवशी इतर कुणाचा आशीर्वाद नको होता.

पाठवणीच्या वेळी रुखवताची बांधाबांध सुरू झाली. रुखवत सासरी जातं, ही रीत. टिपणीस स्वतः इंजिन पंचात गुंडाळत होते, सावकाश, एकेक चाक पुसत.

“ने,” ते हेमाला म्हणाले. “तुमचंच आहे. माझी लाइन काय, आधीही होतीच.”

हेमाने इंजिन त्यांच्या हातून घेतलं. तिला रडूही येत होतं आणि हसूही. नवऱ्याच्या कानाशी जाऊन तिने काहीतरी विचारलं. बाळने मान डोलावली. मग ती खाली बसली, शालूसकट, आणि इंजिन पुन्हा रुळांवर ठेवलं.

“इंजिन ठाण्याला ठेवून काय करू, अप्पा? शेड कल्याणला आहे.”

टिपणिसांनी पटकन वाकून इंजिन ओटीवरच्या स्टेशनात आणून उभं केलं. आणि मग एकदम दचकून ताठ झाले.

“अगं, आणि किल्ली?”

हेमाने पदराची गाठ दाखवली. किल्ली तिथे होती.

“किल्ली ठाण्याला,” ती म्हणाली. “रविवारी सकाळी येऊ. फाटक उघडं ठेवा.”